कॅरिबियन क्रूझचा आठवडा: आधी बंदरे, मग जहाज

अमेरिकेत मुलांकडे चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या बडोद्यातील मराठी आईवडिलांच्या कार्यक्रमात नायगारा आणि न्यूयॉर्कच्या जोडीला आता कॅरिबियन क्रूझही आली आहे. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत अथवा टेक्ससमध्ये असते, त्यांना सुटी जेमतेम आठवड्याची मिळते, आणि एकदा जहाजावर चढले की रोज बॅगा भरणे, हॉटेल बदलणे आणि जेवण शोधणे या कटकटी संपतात, हा हिशेब सर्वांना पटण्यासारखा आहे. मात्र बहुतेक घरांत चर्चेला सुरुवात होते ती जहाजापासून: किती मजली आहे, पाण्याच्या घसरगुंड्या किती आहेत, बाल्कनी घ्यावी की नाही. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. सात रात्रींच्या सफरीत जहाज साधारणपणे तीन किंवा चार बंदरांना लागते, आणि त्या दिवसांत काय पाहता येईल, आईच्या गुडघ्यांना काय झेपेल आणि कोणत्या कागदावाचून अडेल, हे जहाजाच्या मजल्यांवर ठरत नाही. ते बंदरावर, महिन्यावर आणि घड्याळावर ठरते.

कॅरिबियनमध्ये जायचे म्हणजे कोठे जायचे, हे प्रथम समजून घ्यावे. अमेरिकेतून निघणाऱ्या सफरींचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पश्चिमेकडची सफर मियामी, फोर्ट लॉडरडेल, टँपा किंवा टेक्ससमधील गॅल्व्हस्टन येथून निघून मेक्सिकोतील कोझुमेल, होंडुरासमधील रोआतान, बेलीझ, ग्रँड केमन आणि जमैका यांपैकी काही बंदरे घेते. पूर्वेकडची सफर पोर्तो रिकोतील सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन आणि बहामामधील नासाऊ अशा ठिकाणी जाते. हिच्यात समुद्रावरचे दिवस बहुधा अधिक असतात, कारण नासाऊ सोडल्यास फ्लोरिडापासून ही बेटे दूर आहेत. दक्षिणेकडची बेटे, म्हणजे बार्बाडोस, सेंट लुशिया, अरुबा, कुरासाव, आणखी दूर असल्यामुळे एका आठवड्यात ती पाहायची असतील तर जहाज सान हुआन किंवा बार्बाडोसहून धरणे सोयीचे पडते, आणि मग तेथपर्यंतच्या विमानाचा खर्च वाढतो. प्राचीन अवशेष आणि प्रवाळ पाहायचे असतील तर पश्चिम, जुनी शहरे, किल्ले आणि शांत किनारे हवे असतील तर पूर्व, आणि कमीत कमी समुद्र व जास्तीत जास्त बेटे हवी असतील तर दक्षिण, अशी निवड मी करीन.

बहुतेक सफरींच्या कार्यक्रमात कंपनीचे स्वतःचे बेटही असते. कोकोके, ग्रेट स्टिरप के, ओशन के ही बहामामधील अशी बेटे आहेत. तेथे वाळू आहे, छत्र्या आहेत आणि जहाजावरचेच जेवण किनाऱ्यावर मिळते. देश पाहिल्याचे समाधान मात्र तेथे शोधू नये. अशा थांब्यामागे एक कायदेशीर कारणही असू शकते. ही जहाजे जवळजवळ सर्वच बहामा, पनामा अशा परदेशांच्या ध्वजाखाली नोंदलेली असतात, आणि १८८६ सालच्या एका अमेरिकन कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला केवळ अमेरिकन बंदरांदरम्यान प्रवासी वाहतूक करता येत नाही. मियामीहून निघून मियामीलाच परतणाऱ्या सफरीत त्यामुळे एक तरी परदेशी बंदर असावे लागते. सान हुआन हे अमेरिकेच्याच अखत्यारीतील ठिकाण असल्यामुळे त्याच्या जोडीला बहामाचे बेट किंवा सेंट मार्टिन दिसते, ते यासाठीही.

महिना कोणता

अटलांटिकमधील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा आहे, आणि त्याचा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सर्वाधिक असतो. या काळात तिकिटे स्वस्त मिळतात, ती उगीच नव्हेत. वादळ आले म्हणजे जहाज बुडते अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. हवामानाचा अंदाज काही दिवस आधी मिळतो आणि जहाज सरळ दुसऱ्या वाटेने जाते. पण त्यामुळे पूर्वेची म्हणून घेतलेली सफर पश्चिमेची होऊ शकते, एखादे बंदर गळू शकते, आणि करारातील अटींनुसार कंपनी त्या बंदराचे कर तेवढे परत करते, तिकिटाचे पैसे नाही. अरुबा, बोनेर आणि कुरासाव ही बेटे वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्याने तेथे हा धोका बराच कमी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या त्या दिवसांतच आपल्याकडे नवरात्र येते आणि गरबे सोडून बडोदेकर सहसा कोठे जात नाहीत, तेव्हा निदान त्या मोहातून आपली आपोआप सुटका आहे.

हवा चांगली आणि दर बेताचे असे दोन काळ सांगता येतील: डिसेंबरचा पहिला पंधरवडा, आणि नववर्षाची गर्दी ओसरल्यानंतरचा जानेवारी. दुसऱ्यात उत्तरायण हुकते, आणि पतंगासाठी गच्चीवर दोन दिवस मुक्काम ठोकणाऱ्यांना ही किंमत मोठी वाटू शकते. नाताळचा आठवडा आणि मार्चमधील तेथील महाविद्यालयांच्या सुट्या टाळाव्यात. दर चढलेले असतात आणि तरण तलावाकाठी खुर्ची मिळत नाही.

कागदपत्रे: मुलाचे वेगळे, आपले वेगळे

सर्वांत जास्त घोटाळा येथे होतो, कारण एकाच कुटुंबात वेगवेगळ्या देशांचे पासपोर्ट असतात. अमेरिकेतून निघून त्याच बंदरी परतणाऱ्या सफरीवर अमेरिकन नागरिकाला अनेकदा जन्मदाखला आणि छायाचित्रासह ओळखपत्र एवढ्यावरही जाता येते. जावई सहजपणे सांगतो की पासपोर्टची गरज नाही, आणि त्याच्यापुरते ते खरे असते. भारतीय पासपोर्टधारक आईवडिलांना मात्र पासपोर्ट हवाच, त्याची मुदत परतीनंतर किमान सहा महिने असावी, आणि अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा हवा. कारण स्पष्ट आहे: जहाज कोझुमेलला गेले म्हणजे तुम्ही अमेरिका सोडली, आणि आठव्या दिवशी मियामीला उतरणे हा नवा प्रवेश ठरतो. भेटीसाठी मिळणारा अमेरिकन व्हिसा बहुधा दहा वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा असतो, तरी पासपोर्ट उघडून तो रकाना एकदा डोळ्यांनी वाचावा.

त्यापुढचा प्रश्न वाटेतल्या देशांचा. मेक्सिकोत वैध अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही. इतर देशांचे नियम सारखे नाहीत, ते बदलतात, आणि विमानाने येणाऱ्याला एक आणि जहाजाने काही तासांसाठी उतरणाऱ्याला दुसरा असा भेदही त्यांत असतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी क्रूझ कंपनीकडून त्या विशिष्ट तारखेच्या सफरीसाठी भारतीय पासपोर्टला काय लागते ते ईमेलवर लेखी मागवावे. 'आम्ही त्या बंदराला खाली उतरणारच नाही' हा युक्तिवाद चालत नाही. एका बंदराचा कागद नसेल तर पहिल्याच दिवशी संपूर्ण सफरीसाठी चढू देण्यास कंपनी नकार देऊ शकते, आणि अशा वेळी पैसे परत मिळत नाहीत.

आणखी एक बाब आपल्याकडे क्वचितच कोणी सांगते. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांतून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्यांना लसीचा दाखला दाखवावा लागतो, आणि त्या देशांच्या यादीत त्रिनिदाद, कोलंबिया आणि पनामा आहेत. दक्षिणेकडच्या काही सफरी याच देशांच्या बंदरांना लागतात. सफर संपवून लगेच मुंबईचे विमान धरायचे असेल तर ही लस अधिकृत केंद्रात निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी, अन्यथा घरी येण्याऐवजी विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. साठीच्या पुढच्यांनी ही लस घेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे, आणि तो प्रतिकूल आला तर ती बंदरे नसलेली सफर निवडणे हाच शहाणपणा.

बंदराचा दिवस कागदावर नऊ तास, हातात सहा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कार्यक्रमपत्रिकेत 'कोझुमेल, सकाळी ८ ते सायंकाळी ५' असे लिहिलेले असते, आणि वाचणारा नऊ तास मोजतो. प्रत्यक्षात आठ वाजता जहाज धक्क्याला लागते. स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळून दार उघडेपर्यंत वीस-तीस मिनिटे जातात. मग एकाच दारातून हजारो माणसे उतरतात, आणि लांबलचक धक्का चालून, वाटेतली दागिन्यांची व टकीलाची दुकाने चुकवून रस्त्यावर येईपर्यंत नऊ वाजतात. संध्याकाळी पाचला जहाज सुटणार म्हणजे सर्वांनी बहुधा साडेचारला आत असावे लागते. रांग आणि रहदारी धरून साडेतीनला धक्क्याजवळ असावे असे ठरवले, तर हातात उरतात साडेसहा तास.

या साडेसहा तासांत तुलुमचे समुद्रकाठचे, प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष पाहता येतील का? कोझुमेल हे बेट आहे आणि तुलुम मुख्य भूमीवर. त्यासाठी प्लाया देल कार्मेनपर्यंत सुमारे पाऊण तासाची फेरीबोट, तेथून सुमारे साठ किलोमीटरचा रस्ता, शिवाय बोटीची वाट पाहणे, असे जाताना दोन-सव्वादोन तास आणि येताना तितकेच. मध्ये उरलेल्या दोन तासांत भर दुपारच्या उन्हात उघड्या माळावर फिरायचे. तरुण मंडळींना हे जमेल, पण ते जहाजाने विकलेल्या सहलीतूनच करावे, स्वतःच्या हिमतीवर नव्हे. चिचेन इत्सा या त्याहून दूरच्या माया शहराचे नाव तर या दिवसात घेऊच नये. त्याऐवजी कोझुमेल बेटाच्याच मध्यभागी सान हेर्वासियो नावाचे माया अवशेष आहेत. इश्चेल या देवीचे हे स्थान असून प्राचीन काळी माया स्त्रिया समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला येत असत. टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासात तेथे पोहोचता येते, दीड-दोन तासांत निवांत पाहून होते, आणि परत येऊन पश्चिम किनाऱ्यावरच्या स्वच्छ पाण्यात पाय सोडून बसायला दोन तास उरतात. आईवडिलांसाठी मी डोळे झाकून हाच दिवस निवडीन. टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे संपूर्ण गाडीचे की माणशी, जाण्याचे की परतीसह, हे विचारून घ्यावे.

घड्याळाचा एक सापळा येथे दडलेला आहे. कोझुमेल ज्या राज्यात आहे त्या किंताना रो राज्यात २०१५ पासून वर्षभर एकच वेळ चालते, तर मियामीत मार्च ते नोव्हेंबर घड्याळ एक तास पुढे असते. हिवाळ्यात दोन्हीकडे सारखीच वेळ असल्याने प्रश्न येत नाही. उन्हाळ्यात मात्र, जहाजाने मियामीचीच वेळ कायम ठेवली असेल, तर किनाऱ्यावरचा तुमचा मोबाइल स्थानिक टॉवरवरून साडेतीन दाखवत असताना जहाजावर साडेचार वाजलेले असतात. काही जहाजे स्थानिक वेळेप्रमाणे स्वतःचे घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत. त्या दिवशी काय ठरले आहे ते आदल्या रात्री जहाजाच्या अ‍ॅपवर जाहीर केलेले असते. यावर उपाय म्हणजे साधे मनगटी घड्याळ. जहाजाच्या दारातून बाहेर पडताना तेथील वेळेशी ते जुळवून घ्यावे आणि दिवसभर मोबाइलकडे वेळेसाठी पाहूच नये.

उशीर झालाच तर काय होते? जहाजाच्या सहलीतली बस अडकली असेल तर जहाज थांबते, किंवा कंपनी आपल्या खर्चाने तुम्हाला पुढच्या बंदरी पोहोचवते. स्वतंत्र गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. अशा प्रवाशांचे पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत सापडले तर कर्मचारी ते बंदरावरील एजंटाकडे देऊन जातात, आणि पुढच्या बंदराचे विमान, हॉटेल व लागणारा व्हिसा ही सारी जबाबदारी प्रवाशाची राहते. म्हणूनच साधा नियम असा: ठिकाण दूर असेल किंवा मध्ये बोट लागत असेल तर महाग पडली तरी जहाजाचीच सहल घ्यावी, आणि चालत जाण्याजोगे असेल तर स्वतः जावे. सान हुआनमध्ये सहलीवर पैसे घालवण्याचे कारण नाही. जुने शहर धक्क्यासमोरच सुरू होते आणि १५३९ मध्ये स्पॅनिशांनी उभारायला घेतलेल्या एल मोरो किल्ल्यापर्यंत रमतगमत चालत जाता येते. नासाऊतही दगडात कोरलेला राणीचा जिना पायी पाहता येतो.

काही बंदरांना मोठ्या जहाजासाठी धक्काच नाही. ग्रँड केमन आणि बेलीझ सिटी येथे जहाज समुद्रात नांगरून उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. या बोटींना टेंडर म्हणतात. सकाळी त्यासाठी क्रमांक मिळतात, जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी सोडतात, आणि इतरांचा तासभर वाट पाहण्यात जातो. लाटा वाढल्या तर कप्तान ते बंदर सरळ वगळतो, त्यामुळे अशा ठिकाणची बाहेरची सहल घेताना जहाज न आल्यास पैसे परत मिळतील याची खात्री करावी. ज्येष्ठांच्या दृष्टीने अडचण वेगळीच असते: जहाजातून हलत्या बोटीत पाऊल टाकावे लागते. खलाशी दोन्ही दंड धरून आधार देतात, पण चाकाच्या खुर्चीतील प्रवाशांना तेथे उतरता येईलच असे नाही. ज्या घरात काठी किंवा खुर्ची वापरणारे कोणी आहे त्यांनी सफर निवडतानाच कार्यक्रमपत्रिकेत 'टेंडर' हा शब्द शोधावा. जमैकातील डन्स रिव्हर धबधब्याचीही तीच गत आहे; ओल्या खडकांवरून हातात हात धरून चढण्याची मजा मुलांनी घ्यावी आणि मोठ्यांनी बाजूच्या पायऱ्यांवरून त्यांचे फोटो काढावेत.

त्या दिवशी त्या बंदरात आणखी किती जहाजे आहेत, हेही आधी पाहावे. बंदरांची वेळापत्रके इंटरनेटवर सहज मिळतात. आयकॉन ऑफ द सीज यासारखे एकच जहाज दोन माणसांच्या केबिनप्रमाणे मोजले तरी ५,६०० हून अधिक प्रवासी आणते; अशी चार-पाच जहाजे एकाच सकाळी लागली तर त्या लहानशा बेटावर टॅक्सीही मिळत नाही.

पैशांचा हिशेब

कार्यालयाचे भाडे ठरले म्हणजे लग्नाचा खर्च ठरला असे आपण कधी धरत नाही, तसेच क्रूझच्या जाहिरातीतील दराकडे पाहावे. तो दर माणशी असतो, केबिनमध्ये दोघे राहतील असे गृहीत धरलेला असतो, आणि बंदरांचे कर त्यात कधी असतात, कधी नसतात. एकट्याने जाणाऱ्याला जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. तिसऱ्या-चौथ्याला मात्र सवलत मिळते. सेवाशुल्क म्हणून माणशी दर दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर वेगळे लागतात, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला आठवड्याचे सुमारे ५०० डॉलर. मुख्य भोजनगृह, बुफे, पाणी आणि साधा चहा-कॉफी तिकिटात येतात. शीतपेये, मद्य, इंटरनेट, खास उपाहारगृहे आणि किनाऱ्यावरच्या सहली येत नाहीत. पेयांचे पॅकेज घेण्यापूर्वी अट वाचावी, कारण केबिनमधील एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर दुसऱ्यानेही घ्यावे असा नियम अनेक कंपन्यांत आहे, आणि आपल्या घरांत एक घेणारा व एक न घेणारा ही जोडी नेहमीचीच असते.

केबिनबाबत एवढेच सांगेन की समुद्र लागण्याचा त्रास असेल तर बाल्कनीपेक्षा जागा महत्त्वाची: जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. जहाजावरचा दवाखाना वेगळे बिल करतो, ते शेकडो डॉलरचे सहज होते, म्हणून प्रवास विम्यात क्रूझ आणि हेलिकॉप्टरने रुग्ण हलवण्याचा खर्च स्पष्ट शब्दांत असावा. मोबाइल चढल्याबरोबर एअरप्लेन मोडवर टाकावा. समुद्रावर जहाजाचे स्वतःचे नेटवर्क पकडले तर रोमिंगचे बिल फार महागात जाते.

शाकाहाराची चिंता आता पूर्वीइतकी नाही. मोठ्या जहाजांवर रोज एखादी भारतीय शाकाहारी भाजी मिळू शकते. जैन जेवण मात्र बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावे आणि चढल्यावर मुख्य वाढप्याला पुन्हा सांगावे. घरी केलेल्या दशम्या चढवू देत नाहीत. कारखान्यात सीलबंद केलेला लीलो चेवडो किंवा भाकरवडी सहसा चालते, पण जहाजावरची फळे किंवा सँडविच पिशवीत घालून बंदरावर उतरू नये. बहुतेक देशांत त्याला बंदी आहे आणि दंड होतो. चहासाठी नेलेली विजेची किटली आणि इस्त्री आगीच्या भीतीने जप्त होतात व शेवटच्या दिवशी परत मिळतात.

चढणे आणि उतरणे

भारतातून थेट येणाऱ्यांनी जहाज सुटण्याच्या किमान एक दिवस, शक्यतो दोन दिवस आधी मियामीत पोहोचावे. बडोद्याहून मुंबई, मग वाटेत कोठेतरी विमान बदलणे, आणि अमेरिकेत पहिल्या ठिकाणी उतरताच बॅगा ताब्यात घेऊन सीमाशुल्कातून पुन्हा पुढच्या विमानात देणे, एवढ्या साखळीत कोठेही विलंब होऊ शकतो. हिवाळ्यात मियामीची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असल्यामुळे पहिला दिवस तसाही झोपेत जातो. तो जहाजावर वाया घालवण्यापेक्षा हॉटेलात घालवलेला बरा. चढताना बॅग हमालाकडे दिली की ती केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधे, पासपोर्ट आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षा कवायतीत प्रत्येकाने आपले जमण्याचे ठिकाण पाहून यावेच लागते. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळून कलंडले तेव्हा नव्याने चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर हा नियम कडक झाला.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या सकाळी धक्क्यावरच मिळतात. दुसऱ्या दिवशी नेसायचे कपडे आणि चपला त्या बॅगेत गेल्या तर नाश्त्याला रात्रीच्या वेशात जावे लागते, आणि असे एखादे कुटुंब बहुतेक सफरींत दिसतेच. जहाज पहाटे मियामीला लागले तरी भारतीय पासपोर्टच्या तपासणीला वेळ लागू शकतो, तेव्हा परतीचे विमान दुपारी एकच्या आधीचे घेऊ नये. फोर्ट लॉडरडेलच्या विमानतळावरून असेल तर रस्त्याचा आणखी एक तास धरावा.